पहिली ओळ जुन्या गावाची

चिरवंड्यात लग्न निघालं की पहिली पत्रिका पाण्याला जाते. देवाची दुसरी, मामाची तिसरी. जुना रस्ता घाट उतरून धरणात शिरतो, तिथं शिवेचा दगड आहे. वैशाखात पाणी ओसरलं की तो छातीपर्यंत उघडा पडतो, श्रावणात पुन्हा बुडतो. त्याला हळद-कुंकू लावायचं, पत्रिका पाण्यात सोडायची आणि म्हणायचं, "सगळ्यांनी यायचं बरं का." मग मागे न बघता घाट चढायचा. मागे का बघायचं नाही ते कुणी सांगत नाही, आणि कुणी बघतही नाही.

गाव बुडालं त्याला बत्तीस वर्षं झाली. केतकी उतेकर तेव्हा सहा वर्षांची होती. बैलगाडीत जात्यावर बसून ती वर आली, आणि तिची आई येसू गाडीमागून चालत आली. दोन वर्षांनी, पत्र्याच्या तात्पुरत्या खोलीत, येसू तापानं गेली. तिला जाळलंही पाण्याच्या कडेलाच. माळावर वसलेल्या नव्या गावातल्या घरात मग केतकी आणि तिचे वडील धोंडिबा उतेकर, म्हणजे आबा, एवढेच उरले.

केतकी आता जिल्ह्याच्या संगणक खात्यात होती, पण काम घरूनच करायची. ओसरीत टेबल, टेबलासमोर खिडकी, खिडकीत लांबवर ताटलीएवढं दिसणारं धरणाचं पाणी. तिची मैत्रीण सुगंधा गावची आरोग्यसेविका. ती येता-जाता हाक मारी, "काय पत्तेवाली, आज कुणाला घर दिलंस?"

चेष्टा होती, पण काम खरंच तेच होतं.

प्रत्येक गावाची आता एक सेवा होती. सेवा म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम. गावात माणसं किती, आजारी कोण, लस कुणाची राहिली, टाकीत पाणी किती, हे तिला विचारायचं आणि तिनं सांगायचं. विचारणारी बहुतेक यंत्रंच असत: दवाखान्याची, टपालाची, आबांच्या छातीवर चिकटवलेली नाडी मोजणारी टिकली. ("बायकांची कपाळाला, माझी छातीला," आबा म्हणायचे.) एका यंत्राला दुसऱ्याशी बोलता यावं म्हणून प्रत्येक सेवा रोज पहाटे आपलं वर्णन आपणच लिहून काढी. मला काय विचारता येतं, मी उत्तर कसं देते, सगळं त्यात असे. सेवा बदलली की वर्णन बदले. माणसाचा हात लागत नसे, त्यामुळे चूकही होत नसे.

फक्त एक गोष्ट तिला लिहिता येत नसे. आपला पत्ता.

घरात बसलेल्या माणसाला विचारा, कुठे आहेस, तर तो म्हणतो, "इथंच की." खोटं नाही ते, पण बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्याला त्या 'इथंच'चा उपयोग काय? सेवेचंही तसंच. तिच्यापुढे दोन-तीन राखणदार सर्व्हर असत, बाहेरची हाक त्यांच्या हातून आत येई. आतल्या सेवेला आपला उंबरा बाहेरून कसा दिसतो ते कधी कळत नसे. म्हणून पत्त्याची जागा माणसानं भरून द्यायची. एकच पत्ता नव्हे, पत्त्यांची यादी. हाक मारणारा पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो. तिथं कुणी बोललं नाही तर दुसऱ्या ओळीला जातो. एकदा भरलेली यादी मग रोज पहाटेच्या वर्णनात आपोआप उतरते.

नव्या चिरवंड्याची यादी भरायला केतकी बसली, तेव्हा आबा शेजारी शेंगा फोडत होते.

"काय लिहितीयास?"

"गावाचा पत्ता, आबा. यंत्रांसाठी."

"मग पहिली ओळ जुन्या गावाची."

"तिथं आता काही नाही. नुसतं पाणी आहे."

"पत्रिका धाडतो तवा तरी काय असतं?" आबांनी शेंग फोडली, दाणे तिच्या हातावर ठेवले. "पहिलं बोलावणं त्यांचं. मग आपलं."

केतकी हसली. तिनं विचार केला: नसलेला पत्ता, कुणी बोलणार नाही, यंत्र दुसऱ्या ओळीला येईल. जाणार काय, अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदाचं हळद-कुंकू. जुन्या गावाच्या नावानं एक पत्ता तिनं रचला आणि पहिल्या ओळीत घातला. दुसऱ्या ओळीत खरा.

दीड वर्ष त्या अर्ध्या सेकंदाची कुणाला खबरही लागली नाही.

मग 'पूरक' नावाची नवी यंत्रणा आली.

ती युक्ती आधी फक्त तालमीची होती. नाटकात मुख्य नट यायचा असला की त्याच्या जागी कुणी तरी उभं राहून वाक्यं म्हणतं, तसं. खरी सेवा तयार होईपर्यंत तिच्या वर्णनावरून एक बदली सेवा उभी करायची. तिनं खऱ्यासारखी उत्तरं द्यायची, म्हणजे बाकीच्यांचं काम अडत नाही. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे कायमच ठेवावं. जिथं पत्ता आहे पण बोलणारं कुणी नाही, तिथं पूरकनं बोलणारं उभं करावं. सरकारी नोंदी, जुने कागद, जुन्या ध्वनिफिती, जे सापडेल ते गोळा करावं आणि त्या जागी काय बोललं गेलं असतं ते बोलावं.

पूरकला एक पत्ता सापडला. जुनं चिरवंडे. कुणी बोलत नव्हतं.

आणि नोंदी होत्या. बुडण्याआधीची घरमोजणी, शाळेचा हजेरीपट, गुरांची गणती. एका विद्यापीठाची माणसं शेवटच्या उन्हाळ्यात येऊन बायकांच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेऊन गेली होती, तास न् तास. त्याही होत्या.

सुगंधा दारात उभी राहिली ती कमरेवर हात ठेवून.

"केतके, तुझ्या गावात माणसं किती गं?"

"दोनशे तीन. का?"

"मला लशी आल्यात सहाशे अकरा जणांच्या. आन् गावात न्हाई आल्या. ड्रोननं खोकी नेऊन ठेवलीत शिवेच्या दगडापाशी, वळीनं. एकावर एक न्हाई, घरागणिक एक. मी मोजली. पाटलाच्या घराचं खोकं ठेवून मग देवळाची जागा सोडलीय."

"जागा सोडलीय म्हणजे?"

"म्हंजी कोरड्या मातीत गाव मांडल्यागत," सुगंधा म्हणाली, आणि तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला.

त्या दुपारी केतकीनं पहिल्या ओळीतल्या पत्त्याला स्वतः हाक मारली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. समोरच्या भिंतीवर पाल निपचित पडली होती.

"गावात माणसं किती?" तिनं विचारलं.

"सहाशे अकरा," सेवा म्हणाली. साधा, सरकारी आवाज.

"धोंडिबा उतेकर?"

"वय पंचेचाळीस. शेतावर. ठणठणीत."

केतकीनं आतल्या खोलीकडे पाहिलं. सत्त्याहत्तर वर्षांचे धोंडिबा तिथं तोंड उघडं टाकून घोरत होते.

"येसूबाई धोंडिबा उतेकर?"

"वय तेहेतीस. घरात. दळण चाललंय."

तिला थांबायचं होतं. पण जीभ थांबली नाही. "केतकी धोंडिबा उतेकर?"

या वेळी उत्तराला थोडा उशीर लागला.

"वय सहा. अंगणात खेळतेय. हाक मारू?"

केतकीनं संगणक बंद केला. पालीनं शेपटी हलवली. बराच वेळ ती हातांकडे बघत बसली, जणू ते मोठे कधी झाले हे तिला आताच कळलं होतं.

ओळ काढायची, हे तिनं तिथंच ठरवलं. पण ठरवणं वेगळं. चौथ्या दिवशी ती बाजारातून परतली तर ओसरीतून आवाज येत होता. आबा घरातल्या बोलक्या डबीसमोर पाटावर बसले होते, मांडी घालून, धुतलेला सदरा घालून. डबीतून जात्याची घरघर येत होती, आणि घरघरीवर एक बाई गात होती:

*आल्यागेल्याला गं बाई, आधी मांडिते मी पाट,
माझ्या जेवणाची वाट, चूल पाहे.*

केतकीच्या हातातली पिशवी खाली गेली. हा आवाज तिला आठवत नव्हता. पण पाठीच्या कण्याला आठवत होता; तिथून तो वर चढला.

"येसू," आबा म्हणत होते, "नाचणी पुरंल का गं पावसाळाभर?"

"पुरंल की," आवाज म्हणाला. "तुमी लवकर या. पोर वाट बघतीया."

"आबा," केतकी म्हणाली.

त्यांनी वळून पाहिलं. चोरी पकडल्यासारखं नव्हे. पाहुणे बसलेले असताना मध्येच कुणी आल्यासारखं.

"आबा, ती आई नाही. जुन्या फितींतून आवाज जोडलाय. यंत्र आहे."

"मला काय कळत न्हाई व्हय?" आबा शांतपणे म्हणाले. "दगड दगडच असतो. त्याला शेंदूर फासून आपण बोलतोच की."

"पण ही ओळ मला काढावी लागणार. तुमच्या टिकलीनं मदत मागितली तर ती आधी तिथं विचारते. तिथं तुम्ही पंचेचाळीस वर्षांचे आहात, शेतावर. उद्या काही झालं तर कोण येईल?"

आबांनी डबी पदराखाली घेतल्यासारखी सदऱ्याआड धरली. "आखितीला पितरांना पाणी द्यायचं. सहा दिवस राहिलेत. त्याच्या आधी दार लावतीयास?"

केतकीनं खाली पडलेली पिशवी उचलली.

"आखिती झाली की काढ. मी न्हाई म्हणायचो न्हाई."

सहा दिवस. केतकीनं मनाशी हिशेब केला की दीड वर्ष गेलं, सहा दिवसांनी काय बिघडतंय. खरं कारण दुसरं होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. त्या दिवसांत रोज दुपारी ती दाराआड उभी राहून ऐकत होती.

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या सकाळी, सात वाजून वीस मिनिटांनी, आबा न्हाणीच्या दगडावर कोसळले.

छातीवरची टिकली लाल झाली. लगेच डबी बोलली, "मदत निघाली आहे." केतकीनं आबांचं डोकं मांडीवर घेतलं. घाम सुटला होता, ओठ निळसर झाले होते, डोळे उघडे होते. विनाचालक रुग्णवाहिका सहा किलोमीटरवरच्या तळावरून निघाली हे तिला फोनवर दिसलं. नकाशावरचा ठिपका फाट्यापाशी आला. फाट्यावर डावीकडे गाव होतं. ठिपका उजवीकडे, जुन्या रस्त्याला वळला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. तिनं तळाला फोन लावला, तिथंही यंत्रच होतं, आणि ते म्हणालं, "मदत पोचते आहे."

मग सुगंधाचा फोन आला. ती पहाटेच उरलेली खोकी गोळा करायला पाण्याकडे गेली होती. आवाज तुटत होता.

"केतके, दवाखान्याची गाडी हितं कशी? दगडापाशी हाय. धा पावलं खाली जातीया, पाण्याला चाक लागलं की धा पावलं वर येतीया. परत खाली. मागचं दार उघडं हाय. आत कुणीबी न्हाई. कुणाला न्यायला आलीय गं?"

"आबांना," केतकी म्हणाली, आणि फोन तुटला.

आबांच्या उशाला चादर देऊन तिनं संगणक ओढून घेतला. जुन्या चिरवंड्याची सेवा आता रोज पहाटे स्वतःचं वर्णनही लिहीत होती, हे तिनं कधी उघडून पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. पत्त्यांच्या यादीत दोन ओळी होत्या. दुसऱ्या ओळीत जुनं चिरवंडे.

पहिली ओळ नव्या गावाची होती.

पूरकनं रीत उचलली होती. वरच्या गावानं पहिला मान खालच्याला दिला, तर खालच्यानं वरच्याला द्यायचा. माणसं किती, आजारी कोण, हे जुनी सेवा आपल्या घरातलंच सांगे. पण गाडी कुठे न्यायची हे विचारलं की यादी वाचली जाई, आणि यादी म्हणे, आधी त्यांच्याकडे. गाडी वळे. वरची यादी म्हणे, छे, आधी त्यांच्याकडे. गाडी पुन्हा वळे. पंगतीच्या दारात दोन विहिणी एकमेकींना 'तुम्ही आधी' म्हणत अडून राहाव्यात, आणि आत पानावरचा भात निवत जावा, तसं.

तिनं यादी उघडली. यादीनं पासवर्ड मागितला, तो चुकला. पुन्हा घातला.

"केतू." आबा बोलले. आवाज विहिरीतून आल्यासारखा. "काढतीयास?"

"हो."

"तिला काय तरी सांगून काढ."

अंगणात खेळणाऱ्या एका सहा वर्षांच्या मुलीची पाठ तिला दिसली, आणि तिच्या मागे उंबऱ्यातून बाहेर येणारं पिठानं पांढरं झालेलं मनगट. तिनं ओळ काढली आणि डोळे मिटून घेतले.

पाच-सहा मिनिटांनी सुगंधाचा फोन पुन्हा आला. धाप लागली होती. "गाडी वळली. गेली वर. मला रेंजसाठी आर्धा घाट चढाया लागला."

आठ वाजायला दोन मिनिटं असताना गाडी दारात होती. तिची पुढची चाकं ओली होती, आणि एका टायरच्या खाचेत कुंकवाचा लाल चिखल बसला होता.

आबा वाचले. नऊ दिवस दवाखान्यात राहिले, आणि आठ दिवस केतकीशी एक शब्द बोलले नाहीत. नर्सशी बोलत, सुगंधाची चेष्टा करत. केतकी आली की भिंतीकडे तोंड करत. आखिती येऊन गेली. पाण्याची घागर कुणीच भरली नाही.

खात्यानं केतकीकडे खुलासा मागितला. चूक तिची होती, ती तिनं आडपडदा न ठेवता लिहिली. वेळांचा तक्ता जोडायचा होता म्हणून तिनं नोंदी मागवल्या. नवव्या दिवशी सकाळी, दवाखान्याच्या बाकावर बसून, ती त्या वाचत होती.

यादीतून ओळ काढली: सात वाजून एक्कावन्न मिनिटं. खाली तिचं नाव.

गाडी दगडापासून वळली: सात वाजून चव्वेचाळीस.

तिनं पुन्हा वाचलं. सात मिनिटांचा फरक. घड्याळं जुळत होती; तिनं तीन ठिकाणी तपासलं. मग गाडीला शेवटचा निरोप कुठून आला ते काढलं. निरोप जुन्या चिरवंड्याचा होता. त्याआधी तिथल्या सेवेनं, पहाट नसताना, आपलं वर्णन नव्यानं लिहिलं होतं, आणि त्यातून एक ओळ काढून टाकली होती: स्वतःची. सात एक्कावन्नला केतकीनं वरची ओळ काढली तेव्हा खाली बोलणारं कुणी उरलंच नव्हतं.

ती खोलीत गेली. आबांनी कूस बदलली.

"आबा, तिकडं तोंड करूनच ऐका. मी काढायच्या आधीच ती निघून गेली होती. गाडीला तिनं पाठवलं. निरोप वाचते." तिनं वाचलं. "'धोंडिबा उतेकर, वय सत्त्याहत्तर. ते वर आहेत. आधी तिकडं जा.'"

खिडकीबाहेर कुणीतरी बादली आपटली.

"सत्त्याहत्तर म्हणाली?"

"हो. तिच्याकडे पंचेचाळीसची नोंद होती. सत्त्याहत्तर कुठून आलं ते मला सापडत नाही. सगळीकडे शोधलं."

आबा वळले. नऊ दिवसांनी त्यांनी लेकीकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी जुनं, खोडकर होतं.

"ती कधी पहिल्या पंगतीला बसलीच न्हाई," ते म्हणाले. "सगळ्यांचं झाल्याबिगर जेवली न्हाई कधी. मीच विसरलो. पहिल्या ओळीत बसवलं तिला. आवघडली आसंल."

केतकीनं त्यांचा हात धरला.

"केतू, यादीत शेवटची ओळ असती का गं?"

"असते. पण शेवटच्या ओळीला कुणी हाक मारत नाही, आबा. वरच्या सगळ्या गप्प झाल्याशिवाय."

"मग ठीकच हाय की," आबा म्हणाले. "तिथं घाल."

घरी आल्यावर तिनं घातली. पहिल्या ओळीत नवं गाव, दुसऱ्या ओळीत तालुक्याचा राखीव सर्व्हर, आणि सगळ्यात खाली, रिकाम्या पाटासारखी, ती. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या वर्णनात यादी आपोआप उतरली. केतकीनं ती तपासली, आणि खिडकीतून ताटलीएवढ्या पाण्याकडे पाहिलं. वरच्या दोन ओळी बोलत होत्या. एक दिवस त्या बोलायच्या थांबतील; माळ, गाव, तालुका, सगळंच कधीतरी थांबतं. तेव्हा कुणीतरी शेवटच्या ओळीला हाक मारील.

पाण्याखाली कुणाला घाई नव्हती.